अध्यक्षांची पत्रं आणि आपली सूचनावही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, असा शाळेतून फोन आला. 'अमेरिकेत काय शिकलीस ते लिही, मुलांना उपयोग होईल,' असंही सांगितलं गेलं. पदार्थविज्ञानातलं माझं संशोधन इथे मांडलं तर ते चारच जण वाचतील. पण तिथे मला आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली आणि ती आपल्या शाळेच्या थेट उपयोगाची आहे. एवढ्या मोठ्या संस्थेचा प्रमुख आपल्या माणसांना पत्र कसं लिहितो, ही ती गोष्ट.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मी बोस्टनजवळच्या केंब्रिजला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, दाखल झाले. तिथल्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणतात. आपल्याकडच्या कुलगुरूंसारखं पद. तेव्हा एल. राफेल राइफ अध्यक्ष होते. काही महत्त्वाचं घडलं की त्यांचं पत्र प्राध्यापकांपासून सफाई कर्मचाऱ्यांपर्यंत सगळ्यांना एकाच वेळी ई-मेलनं यायचं. त्या ऑक्टोबरात संगणकशास्त्राचं नवं महाविद्यालय सुरू करायचं जाहीर झालं. त्यासाठी शंभर कोटी डॉलर लागणार होते, त्यांतले ३५ कोटी स्टीफन श्वार्झमन या एकट्या देणगीदारानं दिले होते. ते पत्र वाचताना डोळे दिपले, पण मनात काही हललं नाही. नवी इमारत, नवा अधिष्ठाता, अमक्याची नेमणूक, अशी पत्रं अधूनमधून यायची. खरं सांगायचं तर त्यांतली बरीचशी मी अर्धवट वाचून सोडायचे.

२५ जून २०१९ चं पत्र मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. अमेरिकेत चिनी वंशाच्या संशोधकांकडे संशयानं पाहिलं जात होतं. काही प्रकरणांत काळजीचं कारण खरंही होतं, आणि राइफ यांनी ते नाकारलं नाही. पण काही मोजक्या लोकांच्या वागण्यावरून सगळ्या समाजाला संशयाच्या सावलीत उभं करू नका, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. बाहेरून येणारी माणसं ही या देशाचा प्राणवायू आहेत, असा त्या पत्राचा सूर होता. लिहिणारा माणूस स्वतः व्हेनेझुएलात वाढलेला. त्याचे आईवडील पूर्व युरोपातून परागंदा होऊन तिथे पोचलेले. माझ्या प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर एक चिनी मुलगी काम करायची. तिनं ते पत्र छापून घेतलं आणि टेबलासमोर चिकटवलं. पुढे कितीतरी दिवस ते तिथे होतं.

त्याच उन्हाळ्यात कसोटी लागली. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या जेफ्री एपस्टीनकडून संस्थेनं देणग्या घेतल्याचं उघड झालं. ऑगस्टमध्ये अध्यक्षांचं पत्र आलं: वीस वर्षांत अंदाजे आठ लाख डॉलर आले, अत्याचार सोसलेल्या मुलींची माफी, तेवढीच रक्कम पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्याचं वचन. एवढ्यावर भागलं नाही. १२ सप्टेंबरला दुसरं पत्र आलं. चौकशी करणाऱ्या वकिलांना २०१२ सालचं, एपस्टीनचे आभार मानणारं एक पत्र सापडलं होतं. त्यावर सही होती खुद्द राइफ यांची. अध्यक्ष होऊन जेमतेम सहा आठवडे झाले असतानाची. आपल्याला ती सही केल्याचं आठवत नाही, पण सही आपलीच आहे, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं.

त्यानं सगळं मिटलं असं नाही. काही विद्यार्थ्यांनी राजीनामा मागितला, सभा तापल्या, आणि तो राग रास्तच होता असं मला आजही वाटतं. पण ती सही आम्हाला आधी त्यांच्याच पत्रातून कळली, हेही तितकंच खरं.

एपस्टीनचं नाव संस्थेत झाकून ठेवलं गेलं होतं. पण देणगीदाराचं नाव झाकण्याची गोष्ट त्या संस्थेला नवी नाही. १९१६ मध्ये एमआयटी बोस्टनहून नदीपलीकडे केंब्रिजला आली ती 'मिस्टर स्मिथ' या अज्ञात दात्याच्या पैशांवर. हा स्मिथ म्हणजे कोडॅक कॅमेऱ्याचे जॉर्ज ईस्टमन, हे जगाला कळलं १९२० मध्ये. तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड मॅक्लॉरिन यांनी ते गुपित इतकी वर्षं जपलं होतं. एकाचं नाव त्याला मोठेपणा नको म्हणून झाकलेलं, दुसऱ्याचं ते उघड झालं तर लाज वाटेल म्हणून. गुप्तदानाची पाटी दोन्हींवर सारखीच असते. संस्थेच्या हिशेबाबद्दल खरं कोण लिहितो, याला म्हणूनच महत्त्व आहे.

आणि इथेच मला आपल्या शाळेची सूचनावही आठवते.

नव्या मुलांनी ती पाहिली असेल की नाही कोण जाणे, आता सूचना व्हॉट्सॲपवर जातात म्हणे. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही, वर खाकी कागदाचं कव्हर, कोपरे हाताळून काळे पडलेले. तास ऐन रंगात आलेला असताना शिपाईमामा दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, 'बाई, सूचना.' बाई खडू खाली ठेवायच्या, सूचना वाचून दाखवायच्या, समासात सही करायच्या. मामा पुढच्या वर्गाकडे. बहुतेक सूचना ठरावीक असायच्या: उद्या अर्धी शाळा, फी भरण्याची मुदत, गणवेश नसल्यास वर्गात बसू दिलं जाणार नाही. पण आमचे मुख्याध्यापक त्या वहीत त्याहून अधिक लिहीत. निळ्या शाईचं पेन, अक्षर थोडं डावीकडे कललेलं.

२०१२-१३ चा दुष्काळ आपल्या माणदेशाला सांगायला नको. आम्ही अकरावीला होतो. घरची जनावरं छावणीत, माणसांपैकी एकजण तिथेच मुक्कामाला, आणि बरीच मुलं सकाळी छावणीतूनच शाळेत यायची. तेव्हा सरांची एक सूचना आली. शाळेचा टँकर आता एक दिवसाआड येईल. आधी पिण्याला आणि पोषण आहार शिजवायला पाणी, मग बाकीचं. छावणीतून येणाऱ्या मुलांना उशीर झाला तर कुणीही बाहेर उभं करू नये. शेवटी एक ओळ होती: शाळेच्या बोअरला पाणी किती उरलं आहे ते दर सोमवारी इथेच कळवत जाईन. आणि दर सोमवारी ते खरोखर कळवत. पाणी आटत गेलं तेही कळवलं, बोअर कोरडी पडली तेही.

एका वर्षी दहावीचा निकाल घसरला. गणितात बरीच मुलं गेली. सरांनी वहीत लिहिलं की यात दोष एकट्या मुलांचा नाही. अर्धं वर्ष गणिताला शिक्षक नव्हता आणि ती जागा भरून घेणं आपल्याकडून झालं नाही. जुलैपासून सकाळी सात वाजता आपण स्वतः तास घेऊ, नापास झालेल्यांनीही यावं. आमच्या वर्गात सूचना वाचणाऱ्या बाई त्या वाक्याशी क्षणभर थांबल्या होत्या. नापास झालेल्यांपैकी माझा चुलतभाऊ एक. तो त्या तासांना बसला, ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटला आणि आज सांगलीला टर्नरचं काम करतो.

केंब्रिजमध्ये राइफ यांचं सहीबद्दलचं पत्र वाचताना मला परकं काही वाटलं नाही, ते यामुळे. संस्थेचा आकार वेगळा, पैशांचे आकडे वेगळे, पण प्रमुखानं आपल्या माणसांसमोर उभं राहून काय बिघडलं ते सांगण्याची रीत मी आधी पाहिलेली होती.

पुढचं वर्ष कोरोनाचं. १० मार्च २०२० च्या संध्याकाळी पत्र आलं: पदवीच्या विद्यार्थ्यांनी १७ तारखेच्या दुपारपर्यंत वसतिगृहं सोडावीत, पुढचा आठवडा वर्ग बंद, ३० मार्चपासून सगळं शिक्षण ऑनलाइन. दुसऱ्या दिवसापासून वसतिगृहांबाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्प्या लागल्या. आम्ही संशोधन करणारी मुलं थांबलो. त्या दिवसांत पत्रं वरचेवर यायची, आणि त्यांत आदेशाबरोबर कारणही असायचं. निर्णय आवडला नाही तरी तो का घेतला हे समजायचं.

जुलैत माझ्यावरच वेळ आली. ६ जुलैला अमेरिकी सरकारनं जाहीर केलं की ज्यांचं सगळं शिक्षण ऑनलाइन असेल त्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. भारतात यायला नियमित विमानं बंद होती. अडकलेल्यांना परत आणणाऱ्या सरकारी 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानात जागा मिळाली तर मिळाली. दोन दिवसांनी, ८ जुलैला, अध्यक्षांचं पत्र आलं की हार्वर्ड आणि एमआयटी मिळून सरकारविरुद्ध बोस्टनच्या न्यायालयात गेल्या आहेत. खटला का, मागणी काय, तोवर आम्ही काय करावं, सगळं सोप्या शब्दांत.

मी घरी फोन लावला आणि पत्राचा मतलब आप्पांना मराठीत सांगितला. आप्पा सातवी शिकलेले, आयुष्यभर एसटीत मेकॅनिक. शांतपणे ऐकून घेतल्यावर विचारते झाले, 'खाली सही कुणाची हाय?'

'अध्यक्षांची.'

'मग झोप निवांत. सही केलेला माणूस मागं हटत न्हाई.'

१४ जुलैला सुनावणीच्या सुरुवातीलाच न्यायाधीशांनी सांगितलं की सरकार आदेश मागे घेत आहे.

टाळेबंदीच्या त्या महिन्यांत प्रयोगशाळा बंद, म्हणून मी संगणकावर संस्थेच्या जुन्या अध्यक्षांचे वार्षिक अहवाल वाचत बसायचे. आजच्या ई-मेलांचे ते पूर्वज. १८८१ ते १८९७ अध्यक्ष असलेले फ्रान्सिस वॉकर मला विशेष आवडले. यादवी युद्धात लढलेला, अमेरिकेच्या जनगणनेचा प्रमुख राहिलेला अर्थशास्त्रज्ञ. त्यामुळे आकड्यांशी त्यांचं जमायचं. त्यांच्या कारकिर्दीत विद्यार्थी तीनशेच्या आसपास होते ते बाराशेच्या घरात गेले. दरवर्षीच्या अहवालात तीच चिंता दिसते: मुलं वाढली, जागा पुरत नाही, पैसा कमी. आपल्याकडच्या कुठल्याही शाळेच्या वार्षिक अहवालात शोभेल अशी.

त्याच वॉकर यांच्या काळात, १८८२ मध्ये, एमआयटीत पहिला भारतीय विद्यार्थी आला. तो पुण्याचा होता: केशव मल्हार भट. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तोवर मला वाटायचं की आमच्यासारख्यांची वाट फार अलीकडची आहे. १८८४ मध्ये टिळक-आगरकरांच्या मंडळींचं 'मराठा' हे इंग्रजी साप्ताहिक या संस्थेबद्दल लिहीत होतं, आपल्या देशातही असं तंत्रशिक्षण हवं म्हणून. कारखानदारी शिकल्याशिवाय गत्यंतर नाही हे पुण्यातल्या माणसांनी तेव्हाच ओळखलं होतं. केशवरावांनी तिथून घरी काय लिहिलं असेल, बोटीनं पत्र पोचायला किती आठवडे लागत असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

आता मी तिथली माजी विद्यार्थिनी आहे, तरी पत्रं येतात. २०२३ पासून सॅली कॉर्नब्लुथ अध्यक्ष आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये संस्थेनं कळवलं की पुढच्या वर्षीपासून ज्या घराचं उत्पन्न वर्षाला दोन लाख डॉलरच्या आत आहे, त्या घरच्या पदवीच्या मुलांना शिक्षण शुल्क लागणार नाही. माझा त्याच्याशी आता काही संबंध नाही, तरी त्या दिवशी मला आनंद झाला, कारण ही बातमी आपल्या घरची आहे असं वाटलं.

आपल्या शाळेकडून मात्र आम्हाला काहीच कळत नाही. निधी हवा असला की निरोप येतो. कुणी गुरुजी गेले की गटावर फोटो येतो. अधलं मधलं सगळं अंधारात. जुन्या कौलारू इमारतीचं काय झालं? प्रयोगशाळेतला तो एकुलता सूक्ष्मदर्शक अजून चालतो का? सातवीनंतर किती मुली शाळा सोडतात, आणि का? आम्ही दिलेल्या पैशांतून काय झालं आणि काय राहिलं?

म्हणून मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती आहे. पन्नास वर्षं झाली या निमित्तानं वर्षातून एक पत्र सुरू करा. दोन पानं पुरेत. छापील, गुळगुळीत कागदावरचं, पाहुण्यांच्या सत्काराच्या फोटोंचं नको. सूचनावहीत लिहायचात तसं लिहा: काय जमलं, काय जमलं नाही, कशाची गरज आहे. निकाल खाली आला तर तोही आकडा लिहा. आम्ही नावं ठेवायला बसलेलो नाही. कळलं तर हात लावता येईल. आणि खाली मुख्याध्यापकांची स्वतःची सही असू द्या.

आमच्या तुकडीतल्या मुलींनी पत्ते आणि फोन नंबर जमवायला सुरुवात केली आहे. १९८० च्या दशकातल्या तुकड्यांचे फार थोडे मिळाले आहेत, तेव्हा ही स्मरणिका वाचणाऱ्या त्या काळच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या कार्यालयात आपलं नाव नोंदवावं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना पत्र पोस्टानं जाईल. तो खर्च आम्ही करू. दहावीचा निकाल लागून गुणपत्रिका वाटून झाल्या की पहिलं पत्र निघावं, अशी आमची इच्छा आहे.