तुम्ही विचारलंत म्हणून: सनावळ्या पाठ न करता इतिहास कसा येणार?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो: "सर, तुम्ही सनावळ्या पाठ करून घेत नाही, मग मुलांना इतिहास येणार कसा?" तुम्ही विचारलंत म्हणून नववीच्या वर्गातला एक तास सांगतो.

विषय होता दख्खनचे दंगे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, कर्जखतं आणि वह्या हिसकावून जाळल्या. का जाळल्या, असं विचारल्यावर वर्ग एका सुरात म्हणाला, "सावकार वाईट होते!"

"मग 1855 साली ते चांगले होते का?"

वर्ग गप्प. याच क्षणासाठी मी शिकवतो.

मग फळ्यावर 1875 लिहून आम्ही मागं मागं गेलो. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, इथल्या कापसाला भाव आला. सावकार सढळ हातानं कर्ज देऊ लागले. 1865 ला युद्ध थांबलं, भाव पडले, सावकारांनी हात आखडला. त्यातच तीस वर्षांसाठी ठरवून दिलेल्या शेतसाऱ्याची, म्हणजे जमिनीवरच्या कराची, मुदत संपत आलेली. फेरआकारणीत सारा बेसुमार वाढला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 1859 च्या मुदतीच्या कायद्यावर. कर्जखत तीनच वर्षं चालणार. हेतू असा की व्याज साचत जाऊ नये. मी गणित घातलं: शंभर रुपये, महिना दोन टक्के. तीन वर्षांनी होतात 172. आता सावकार नवं खत लिहून घेतो आणि 172 हीच मुद्दल धरतो. आणखी तीन वर्षांनी? मुलांनी वहीत आकडेमोड केली: जवळपास 296. एक मुलगी हळूच म्हणाली, "म्हणून कागद जाळले."

हे तिला मी सांगितलं असतं तर चाचणीपुरतं टिकलं असतं. आता 1859, 1861, 1865 हे आकडे ती विसरणार नाही, कारण एक काढला तर पुढचा उभा राहत नाही, हे तिनं स्वतः पाहिलंय. सनावळ्या मला नकोशा नाहीत, उलट फार हव्या आहेत, पण अशा एकमेकींत गुंतलेल्या.

घंटा झाल्यावर मागच्या बाकावरचा एक जण टेबलापाशी आला. "सर, सावकारांकडे एवढा पैसा आला कुठून?" पुढचा तास आम्ही मुंबईच्या कापूस निर्यातदारांपासून सुरू केला. ते शहरातल्या सावकारांना उचल देत आणि तीच पुढं गावोगाव पोचे.