लाटेवर एफआयआर

"मॅडम, अपघात झालाय ना? मग एफआयआरची कॉपी लागेल."

"कुणावर?"

"समोरची जी पार्टी असेल तिच्यावर."

समोरची पार्टी हिंदी महासागर होती. हे मी विमा कंपनीच्या कस्टमर केअरमधल्या त्या मुलाला सांगितलं तेव्हा पलीकडून कीबोर्डचा आवाज आला, म्हणजे त्याने बहुतेक तसंच टाइप केलं. एप्रिल २०२५ मधली दुपार. प्रवासविम्याचा क्लेम टाकून सात आठवडे झाले होते आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलत होते. असले फोन जागेवर बसून करता येत नाहीत, आवाज चढतो.

मी मूळची देवगडची, नोकरी पुण्यात. चाळिशी उलटल्यावर सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणं, शिकले, कर्नाटकात मुल्कीला, दोन मोसम. तिथे खाली वाळू. पडलं तर नाकातोंडात पाणी जातं आणि केसांतून चार दिवस रेती निघते, बास. मग पाण्याखालच्या खडकावर किंवा प्रवाळावर, म्हणजे रीफवर, फुटणाऱ्या लाटेचं वेड डोक्यात शिरलं. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल मोसम असतो, सकाळचा वारा जमिनीकडून येतो, लाट काचेसारखी राहते. ईटीए म्हणजे ऑनलाइन प्रवेश-परवाना, विमान, काटुनायके विमानतळावरून गाडी, खोली, यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. फक्त तिकीट काढताना 'प्रवासविमा हवा का?' असा एक चौकोन आला आणि मी त्यात टिक केलं. चारशे चाळीस रुपये. पॉलिसीची पीडीएफ मेलमध्ये आली ती तशीच पडून राहिली. तुम्ही ती उघडा. पैसे भरायच्या आधी उघडा आणि 'साहसी खेळ' कुठे लिहिलंय ते शोधा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

वेलिगामाचा उपसागर वाळूचा, तिथे शिकाऊ लोकांची जत्रा. तिथून पाचेक किलोमीटर पश्चिमेला मिदीगामा. आता तेही काही अगदी निर्जन राहिलेलं नाही, पण पहाटे सहाला पाण्यात चार डोकी दिसतात, आणि किनाऱ्याला लागून जाणाऱ्या मातारा लाइनच्या गाडीचा भोंगा सोडला तर दुसरा आवाज नाही. घड्याळाच्या मनोऱ्यासमोर फुटणाऱ्या लाटेला सगळे लेझी लेफ्ट म्हणतात. सर्फरच्या डाव्या हाताला जाणारी, लांबलचक, रीफवरच्या लाटांमध्ये सगळ्यात गरीब स्वभावाची. जवळच रॅम्स आहे, ती उथळ खडकावर एकदम वळते. तिच्या वाटेला माझ्यासारखीने जाऊ नये.

माझा गाइड तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. तो मला अक्का म्हणायचा, सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. मी त्याला मल्ली म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. पहिल्या दिवशी त्याने मला पाण्यात जाऊच दिलं नाही. अर्धा तास काठावर बसवून नुसतं बघायला लावलं. वाळूवरची लाट रोज जागा बदलते, कारण वाळूच हलते. खडक हलत नाही, त्यामुळे लाट रोज त्याच जागी उभी राहते. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट पाणी उरलं की फुटते. म्हणजे चार फुटांची लाट फुटते तिथे खाली पाच फूट पाणी. ऐकायला भरपूर वाटतं. पण फुटल्यावर ती तुम्हाला आत ढकलत नेते, आणि आत गुडघाभरच असतं. भरती-ओहोटीचंही तसंच. मुंबईत मोठ्या उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, तिथे जेमतेम अर्धा-पाऊण मीटर. मी म्हटलं, मग त्याचं वेळापत्रक कशाला बघायचं? मल्ली म्हणाला, "अक्का, तेवढंच अंतर तुझ्या पाठीत आणि दगडात आहे."

त्याने तीनच गोष्टी बजावल्या. जायचं आणि यायचं ते चॅनलमधून, म्हणजे जिथे पाणी खोल आहे आणि लाट फुटत नाही तिथून. पडलीस तर सपाट पड, सूर मारायचा नाही, हात डोक्यावर. आणि पाय खाली टाकायचा नाही. कितीही उथळ वाटलं तरी नाही.

तिसऱ्या दिवशी ती लाट मिळाली. त्याआधी दोन दिवस मी नुसती वल्हवत होते आणि प्रत्येक लाट माझ्या खालून निघून जात होती. मल्लीचं पालुपद एकच, "हेमिन, हेमिन," सावकाश. त्या सकाळी लाट मागून आली, फळीची शेपटी उचलली गेली, मी उठले आणि डावीकडे वळले. पाणी इतकं नितळ होतं की खालचा तपकिरी खडक पायाखालून सरकताना दिसत होता, धावत्या गाडीतून रूळ दिसावेत तसा. पंधरा-वीस सेकंद असतील. मुल्कीला दोन मोसमांत मिळून मी इतकी लांब कधी गेले नव्हते. ओरडले असणार, कारण काठावरचा शहाळीवाला हात हलवत होता.

लाट विरली. आता फळीवर पालथं पडून चॅनलकडे वल्हवायचं, एवढंच काम उरलं होतं. त्याऐवजी मी आनंदाच्या भरात फळीवरून खाली उतरले. बसमधून उतरावं तशी, डावा पाय आधी. पाय खडकाच्या फटीत गेला, मागून फेसाचा लोंढा आला, त्याने फळी ओढली, फळीने लीश, म्हणजे पायाला बांधलेली तिची दोरी, ओढली आणि पाय फटीतच वळला. दुखलं नाही. पाणी गुलाबी दिसलं तेव्हा कळलं.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "खडपार अनवाणी कोण जाता गो?" देवगडात कालवं काढायला जाणाऱ्या बाया चपला घातल्याशिवाय खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकावर, पाऊल ठेवत नाहीत. मी लहानपणापासून बघत आलेय. इथे रीफ म्हटल्यावर ते खडपच आहे हे डोक्यातच आलं नाही.

मल्लीने आधी जखमेवर लिंबू पिळलं. तिकडे ती पद्धत आहे. मी जे काही बोलले ते सिंहलीत नव्हतं हे बरं. तुम्ही लिंबाच्या नादी लागू नका. स्वच्छ गोड्या पाण्याने धुवा, भरपूर धुवा, आणि डॉक्टरकडे जा, कारण प्रवाळाचे बारीक कण आत राहिले की जखम चिघळते. गॉलच्या एका खासगी हॉस्पिटलात डॉक्टरांनी ब्रशने घासून ती साफ केली, आत तुकडा नाही ना म्हणून एक्स-रे काढला, सात टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. बिल ४६,२०० श्रीलंकन रुपये, आपले साडेतेरा हजारांच्या आसपास. वर एक टाइप केलेला कागद, इंग्रजीत: सर्फिंग करताना प्रवाळाने झालेली जखम. माणसाने खरं काय ते लिहिलं होतं. त्या 'सर्फिंग' शब्दाने माझे चार महिने खाल्ले.

मार्चच्या सुरुवातीला ऑनलाइन क्लेम भरायला बसले. 'अपघाताचे स्वरूप' या रकान्यात पर्याय होते: रस्ता, रेल्वे, पडणे, भाजणे, प्राणिदंश. 'इतर' नव्हतंच. मी 'पडणे' निवडलं. लगेच खाली नवा रकाना उघडला: किती उंचीवरून? मी लिहिलं चार फूट. त्याखाली: इमारतीचा प्रकार. हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी 'निवासी' टाकलं. मासे राहतात म्हणून.

हे विनोदाने केलं आणि महागात पडलं. पहिली क्वेरी तीच आली: डॉक्टरांच्या कागदात समुद्र, फॉर्ममध्ये निवासी इमारत, खुलासा करा. म्हणून सांगते, फॉर्मवर रागाच्या भरात काही लिहू नका. अडलं तर स्क्रीनशॉट काढून त्यांच्या ईमेलवर पाठवा आणि काय भरू ते लेखी विचारा.

दुसरी क्वेरी बोर्डिंग पासची. माझा फोनवर होता, विमान उतरलं तसा ॲपमधून गायब झाला. पासपोर्टवर दोन्ही देशांचे शिक्के होते, ते मी पाठवलेच होते. "शिक्का चालेल मॅडम, पण सिस्टिममध्ये बोर्डिंग पासचा डॉक्युमेंट टाइप मँडेटरी आहे." शेवटी शिक्क्याच्या पानाची फाइल 'बोर्डिंग पास' या नावाने पाठवली आणि ती चालली! तिसरी, एक्स-रेची फिल्म. चौथी, मी दारूच्या अमलाखाली नव्हते असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. सकाळी साडेसहाला. गॉलला ईमेल केला, त्या डॉक्टरांनी दोन दिवसांत पाठवलं. परक्या देशातलं हॉस्पिटल दोन दिवसांत उत्तर देतं, आणि आपल्या गावातलं ऑफिस प्रत्येक वेळी एकच क्वेरी काढतं, आधीची सुटली की पुढची. मी दोनदा लिहून विचारलं की जे जे लागतं त्याची एकदाच यादी द्या. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.'

मग एफआयआर. एफआयआर नसेल तर हॉस्पिटलचा एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठी केलेली वैद्यकीय नोंद, द्या. तोही नाही, कारण स्वतःच्या मूर्खपणाने दगडावर पाय देणं हा गुन्हा नाही. मग प्रतिज्ञापत्र द्या. महाराष्ट्रात शंभरचा स्टॅम्प पेपर ऑक्टोबर २०२४ पासून बंद, म्हणून पाचशेचा घेतला. नोटरीकडे मजकूर टाइप करून नेला होता. त्यांनी चष्मा लावून वाचला, मध्येच थांबले आणि विचारलं, "लाट म्हणजे पाण्याचीच ना? नाही, उष्णतेचीही असते." मी म्हटलं, पाण्याची. त्यांनी पेनाने 'समुद्राच्या' असं वर घुसवलं, बाजूला माझी सही घेतली, दोनशे रुपये घेतले आणि शिक्का मारला. सगळ्या प्रकरणात एवढ्या लक्षपूर्वक माझा कागद वाचणारा हा एकच माणूस भेटला.

हे सगळं दिल्यावर मे महिन्यात क्लेम नाकारला. कारण दोन शब्दांचं: साहसी खेळ.

त्या रात्री पहिल्यांदा मी ती पीडीएफ उघडली. बेचाळीस पानं. वगळलेल्या गोष्टींमध्ये व्यावसायिक खेळाडू आणि स्पर्धा होत्या. हौसेने, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली केलेलं चालत होतं, साफ लिहिलेलं. मी व्यावसायिक नाही याचा पुरावा म्हणून मल्लीने काढलेला व्हिडिओ जोडायचं ठरवलं. त्यात मी सहा मिनिटांत अकरा वेळा पडते. अभिमान गिळून जोडला. मग मल्लीला मेसेज केला, तुझं सर्टिफिकेट आहे का? पाच मिनिटांत इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनच्या प्रशिक्षक प्रमाणपत्राचा फोटो आला. गाइड ठरवतानाच हे मागून घ्या, आणि फीची पावतीही. माझ्याकडे पावती नव्हती, त्याने नंतर वहीच्या कागदावर करून दिली.

यावेळी कस्टमर केअरला फोन केला नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला कलमाचा क्रमांक घालून लिहिलं, आणि त्याच दिवशी आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार टाकली. १५५२५५ या नंबरवर फोन करूनही टाकता येते. एवढ्यानेही हललं नाही तर विमा लोकपाल आहे. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर तिथे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, पुण्यातही ऑफिस आहे. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही. दहाव्या दिवशी एका बाईंचा फोन आला, अगदी गोड आवाजात. "अगोदरच सांगायचं ना मॅडम, गाइड होता म्हणून!"

जुलैच्या पहिल्या आठवड्यात खात्यात ₹४,७२२ जमा झाले. बिलातून १०० डॉलर तुमचे तुम्ही सोसायचे, असं पहिल्याच पानावर होतं. त्यातून सातशे स्टॅम्प आणि नोटरीचे वजा करा. माझा भाऊ म्हणतो, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी. बँकेचा मेसेज मी दिवसभरात तीनदा उघडून बघितला.

मल्लीला कळवलं. तो तेव्हा अरुगम बेला होता, एप्रिलनंतर मोसम पूर्व किनाऱ्याकडे सरकतो. त्याने माझ्या पायाचा फोटो मागितला, बघितला, आणि विचारलं की बूट घेतलेस का.

घेतले. ते सांगायचं राहिलंच: रीफ-बूट नेहमीच्या मापापेक्षा घट्ट घ्या. दुकानात बरोबर बसलेले पाण्यात सैल होतात आणि आत रेती जाते.