कापडात मुरलेला उन्हाळा

शनिवार, रात्री उशिरा

आज नॅशनल गॅलरीत अमेरिकन अमूर्त चित्रकार हेलन फ्रँकेंथेलरचं 'माउंटन्स अँड सी' निवांत बघितलं. वॉशिंग्टनमध्ये राहून हे चित्र मनात येईल तेव्हा बघता येतं, याचं मला फार अप्रूप आहे.

१९५२च्या उन्हाळ्यात ती कॅनडात, नोव्हा स्कोशियाला गेली होती. तिथल्या डोंगर-समुद्राची जलरंगात छोटी छोटी चित्रं केली आणि न्यूयॉर्कला परतल्यावर २६ ऑक्टोबरला हे रंगवलं. सुमारे सात फूट उंच, जवळजवळ दहा फूट रुंद! वय अवघं २३. समोर ना डोंगर, ना पाणी. ते सगळं डोळ्यांत आणि हातात साठलेलं.

चित्रात डोंगर शोधत बसलं तर सापडत नाही. कोळशाच्या सैल रेघा, गुलाबी-तांबूस डाग, हिरवे फराटे, उजवीकडे निळा. जवळ जाऊन बघितलं, तर निळ्याच्या कडेनं तेल फुटून पिवळसर वलय उमटलंय आणि रंगातूनही कापडाची वीण स्पष्ट दिसते. प्रायमर, म्हणजे रंग मुरू न देणारं अस्तर, न लावलेला कॅनव्हास तिनं जमिनीवर अंथरला, टर्पेंटाइननं पाण्यासारखे पातळ केलेले तेलरंग त्यावर ओतले, आणि कोऱ्या मांजरपाटावर हळद सांडावी तसे ते आत मुरले. पुसायची, खरवडायची सोयच नाही. तेलानं कापड हळूहळू कमकुवत होतं, ही त्यातली जोखीम. पुढे ती ॲक्रिलिककडे, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगांकडे वळली.

१९५३ मध्ये मॉरिस लुई आणि केनेथ नोलंड हे दोन चित्रकार वॉशिंग्टनहून तिच्या स्टुडिओत गेले, हे चित्र बघितलं आणि दोघांच्याही कामाची दिशा बदलली.

मला मात्र सगळ्यात आवडतं ते तिनं न रंगवलेलं कापड. तिच्याच काळातला चित्रकार मार्क रॉथ्को कॅनव्हास काठोकाठ भरतो आणि तोही मला आवडतो, पण ऊन मला इथेच भेटलं. माझं लहानपण अकोल्यातलं. मे महिन्यात दुपारी रंग विटून जायचे, आभाळसुद्धा पांढरंफटक पडायचं. तिचा उन्हाळा थंड प्रदेशातला, दमट, हिरवा, आमच्याशी काडीचाही संबंध नसलेला. तरी उजेड दाखवायला तिनं रंग लावला नाही, जागा सोडली, हे मला आतून पटलं.

घरात मांजरपाटाचा एक तुकडा पडून आहे. उद्या तो अंथरून बसणार. निळ्यापासून सुरुवात करेन, आणि निम्मं कापड कोरंच ठेवायचा प्रयत्न करेन.