सरांचा ठिपका, सरांची रेघ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी चार ओळी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते आपले इंग्रजीचे सर. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. सगळ्यांबद्दल आदर आहेच, पण मला पान एकच मिळालंय.

तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. आठवीपर्यंत आमचे रजेचे अर्ज एकाच छापाचे: ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज.’ असाच एक अर्ज सरांनी वर्गात हातात घेतला. लाल पेन उघडलंच नाही. अर्जदाराला उभं केलं.

“ताप कधी आला रे?”

“सोमवारी, सर.”

“मग दिवस किती झाले?”

“दोन.”

सरांनी फळ्याच्या डाव्या टोकाला ठिपका दिला. “हा सोमवार. ठिपका तिथे सिन्स.” मग तिथून खडू ओढत पार उजवीकडे आले. “हे दोन दिवस. रेघ तिथे फॉर.” ती रेघ आजपर्यंत पोचते, म्हणून ‘आय ॲम’ नाही, ‘आय हॅव बीन’. सोमवारपासून काय, दोन दिवसांपासून काय, मराठीत दोन्हीकडे ‘पासून’च. आपली मुलं नेमकी इथे अडतात, हे सरांनी हेरलं होतं.

‘पर्यंत’चंही तसंच. ग्रंथालयातलं पुस्तक शुक्रवारपर्यंत ठेव, तर टिल. रेघ शुक्रवारी संपते. शुक्रवारपर्यंत परत कर, तर बाय. शुक्रवार उलटायच्या आत कुठेही एक ठिपका. अगो मोजायचं आत्तापासून मागे, बिफोर एखाद्या घडून गेलेल्या गोष्टीपासून आणखी मागे.

आज मी बँकेच्या परदेशी व्यापार विभागात लेटर ऑफ क्रेडिटची, म्हणजे खरेदीदारातर्फे विक्रेत्याला पैसे देण्याच्या बँकेच्या लेखी हमीची, कागदपत्रं तपासतो. तिथे यूसीपी ६०० ही नियमावली चालते, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची, १ जुलै २००७ पासून लागू झालेली. तिचं तिसरं कलम म्हणजे सरांचा तासच. माल पाठवण्याच्या मुदतीत ‘टिल’ किंवा ‘फ्रॉम’ असेल तर ती तारीख धरायची, ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असेल तर सोडायची. आणि तोच ‘फ्रॉम’ हुंडीची देय तारीख काढताना आला, तर तीही तारीख सोडायची! एका दिवसाच्या फरकाने लाखोंचं बिल अडकतं. नवीन मुलं गोंधळली की मी कागदावर ठिपका देतो, रेघ ओढतो आणि ही कुणाची शिकवण ते नाव घेऊन सांगतो.

नव्या इमारतीत पडदे आणि प्रोजेक्टर आलेत, त्याचा आनंद आहे. पण भिंतभर लांबीचा तो काळा फळा काढलेला पाहून वाईट वाटलं. सरांची रेघ पडद्यावर आयती उमटते. ती ओढली जाताना मुलांना दिसत नाही. निदान आठवीच्या एका वर्गात तसा फळा पुन्हा बसवावा. खर्च मी देईन, समितीने फक्त होकार कळवावा.