डबल टाकी

"मामा, त्याच्याकडे हायड्रोजन जास्त, मग तो आधी कसा मरेल? डबल टाकी असून?"

काल रात्री शेतात भरीत पार्टी. बामणोदची वांगी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर), वर मृग नक्षत्र. त्यातला तांबूस काक्षी तारा दाखवत मी भाचीला सांगत होतो: सूर्य दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो, तरी अजून 500 कोटी वर्षं चालेल. काक्षी त्याच्या 15-20 पट वजनाचा, वय जेमतेम 1 कोटी वर्षं आणि आत्ताच म्हातारा. तिथे ती अडली.

मी गाभ्यातला दाब, तापमान, हायड्रोजनचं जळणं असं काहीबाही सुरू केलं. (खरं तर 'जळणं' हा शब्दच चूक, तिथे अणुकेंद्रं जुळतात. पण शेकोटीपाशी कोण ऐकतं?)

तेवढ्यात फुईने (आत्याने) घाईघाईत पऱ्हाट्यांचा अख्खा भारा आगीत लोटला. हा भडका! दोन मिनिटांत राख. वांगी बाहेरून कोळसा, आत कच्ची. बाजूला बाभळीचं एकच ओंडकं मात्र संध्याकाळपासून निवांत धुमसत होतं.

भाची एकदा राखेकडे, एकदा वर बघत राहिली. मला पुढचं काही विचारलंच नाही.

एवढी वर्षं मी उगाच फळा-खडू शोधत होतो का?