एथीस्टचा बेस, चौथा महिना: अनामिका, मांजा आणि ८५ टक्के

मंडळी, मागची नोंद दिवाळीनंतरची. तेव्हा ठरवलं होतं की १२ फेब्रुवारीला एथीस्ट या अमेरिकन डेथ मेटल बँडच्या 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' या अल्बममधलं पहिलं गाणं, 'मदर मॅन', बेस गिटारवर मूळ वेगात सलग वाजवायचं. ते झालं नाही. कुठवर आलोय ते सांगतो.

तारीख उगाच धरली नव्हती. १२ फेब्रुवारी १९९१ ला या बँडचा बेसिस्ट रॉजर पॅटरसन दौऱ्यावरून परतताना अपघातात गेला. अल्बमचं बरंचसं काम तोवर रचून झालं होतं. मग सिनिक या बँडमधला टोनी चॉय आला, त्याने रॉजरच्या ओळी बसवल्या आणि त्याच वर्षी फ्लोरिडात, टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत, निर्माता स्कॉट बर्न्सकडे रेकॉर्डिंग झालं. ८ गाणी, ३२ मिनिटांच्या आसपास. बस एवढंच, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते दोन तासांचं वाटलं होतं. एक रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) कानात बसतो न बसतो तोच पुढचा येऊन आदळतो. त्या काळच्या बऱ्याच डेथ मेटलमध्ये बेस हा गिटारच्या पाठीमागे दडलेला असतो, दोघांचा रिफ एकच. इथे बेसला स्वतःचं बोलायचं असतं, आणि स्टीव्ह फ्लिनचे ड्रम्स त्याला मध्येच अडवतात, वळवतात, पुढे ढकलतात. म्हणून हा अल्बम नुसता वेगाने जिंकता येत नाही.

माझी खरी लढाई उजव्या हाताशी आहे. दोन बोटांनी मिनिटाला १३० बीट्सच्या पुढे माझा हात आखडतो, म्हणून नोव्हेंबरपासून तीन बोटं धरली: अनामिका, मधलं, तर्जनी, पुन्हा अनामिका. अडचण हिशेबाची आहे. बोटं तीन आणि एका बीटमध्ये सूर चार. त्यामुळे पहिली बीट अनामिकेने सुरू होते, दुसरी मधल्याने, तिसरी तर्जनीने, आणि १२ सूर झाले की चौथी बीट पुन्हा अनामिकेवर. माझी अनामिका दुबळी. म्हणजे जोर जिथे हवा नेमका तिथेच सूर मऊ पडायचा, आणि चारच्या ठेक्यात ही मऊ जागा दर बारमध्ये (चार बीट्सच्या आवर्तनात) सरकत राहायची. मला स्वतःला हे कळलंच नव्हतं. रविवारी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, दर तिसरा ठोका बसका का येतोय?" आईला डेथ मेटल मुळीच आवडत नाही, पण कान असा! फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर अगदी तसंच होतं.

डिसेंबरभर फक्त एका तारेवर, ९० पासून, चार-चार बीट्स वाढवत गेलो. महिनाअखेर ११० ला सूर बऱ्यापैकी एकसारखे यायला लागले.

मग उत्तरायण, म्हणजे गुजरातेतली संक्रांत. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात त्या दोन दिवसांत खाली कोणी राहतच नाही, सगळे गच्चीवर. मी बोटांना पट्टी न लावता पतंग उडवत होतो. वासी उत्तरायणच्या, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या, संध्याकाळी एका पेचात दोरी खेचताना मांजा उजव्या तर्जनीच्या पेऱ्यात चांगला खोल गेला. नेमकं जिथे तार लागते तिथे. फिरकी धरलेला भाचा माझ्यापेक्षा जास्त रडला. बारा दिवस तर्जनीने तार छेडणं बंद.

पण ते बारा दिवस रिकामे गेले नाहीत. मधलं आणि अनामिका, दोघांवरच वाजवत राहिलो, ७० वर. पहिले चार दिवस कोपरापर्यंत कळा यायच्या, तेव्हा अर्ध्या तासात थांबायचो. (दुखत असताना ताणून वाजवू नका, हे मी कळकळीने सांगतोय.) जखम भरल्यावर तीन बोटांवर परतलो तर ११६ ला पहिल्यांदा बीट कुठल्या बोटाने सुरू होतेय ते रेकॉर्डिंगमध्ये ओळखता आलं नाही. तो तुकडा मी आठ-दहा वेळा ऐकला. फार आनंद झाला.

आजची स्थिती: 'मदर मॅन'चं पहिलं दीड मिनिट मूळ वेगाच्या ८५ टक्क्यांवर, मेट्रोनोमशिवाय, फक्त रेकॉर्डवरच्या ड्रम्सच्या आधाराने. त्यापुढे डावा हात मागे पडतो. जाड ई तारेवरून थेट सगळ्यात बारीक जी तारेवर उडी घेताना मधल्या तारा गुणगुणतात, त्या दाबायला डाव्या तर्जनीचा आडवा भाग पुरत नाही. उजवा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी पट्टीवर) न टेकवता ई तारेवर टेकवून पाहतोय. फरक पडतोय, पण सवय व्हायला वेळ लागेल.

१२ तारखेच्या रात्री वाजवलं नाही. अल्बमच्या नंतरच्या आवृत्तीत रॉजर स्वतः वाजवतोय असे जुने डेमो घातले आहेत, ते गच्चीवर हेडफोन लावून ऐकले. आवाज कच्चा आहे, पण हात कोणाचा ते लपत नाही. मग त्याच्याच बेसचा पहिला अल्बम, 'पीस ऑफ टाइम', पूर्ण ऐकला. डोक्यावर विजेच्या तारेत एक फाटका पतंग अजून अडकलेला होता.

उद्यापासून १२० आणि जी तारेची उडी. ज्यांनी अंगठा सरकवत वाजवायची सवय लावून घेतली आहे त्यांनी जरूर लिहा: पाचव्या तारेशिवाय, चार तारांच्या बेसवर, अंगठा ए तारेपर्यंत नेता का ई वरच ठेवता?