अण्णांची बायपास: वय 74, शुगर 22 वर्षांची

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत एकदाही दुखलं नव्हतं. हे आधी सांगते कारण आमचे चार-पाच महिने तिथेच गेले. दरवर्षी सज्जनगडच्या पायऱ्या चढणारा माणूस घराच्या जिन्यात दोनदा थांबायला लागला, जेवण झालं की ढेकर आणि घाम, आणि आम्ही आपलं पित्त पित्त म्हणत गोळ्या देत बसलो. शुगर जुनी असली की मज्जातंतू बधिर होतात आणि हार्टचं दुखणं जाणवतच नाही, नुसता दम लागतो, हे ईसीजीत गडबड निघाल्यावर कळलं.

पुण्याला अँजिओ केली. तिन्ही मुख्य नसांत ब्लॉक, हृदयाचं पंपिंग 45 टक्के. आत्या म्हणाली या वयात कशाला छाती उघडायची, दादा म्हणाला स्टेंट टाकून मोकळं होऊ, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. सर्जननी कागदावर नस काढून दाखवली. डायबेटिसमध्ये नस एकाच जागी नाही तर लांबपर्यंत खराब असते, स्टेंट तेवढीच जागा उघडतो, बायपासची नस त्या सगळ्या खराब भागाच्या पलीकडे जोडतात. 2012 मध्ये फ्रीडम नावाचा एक मोठा अभ्यास आला होता, अशाच 1900 डायबेटिस पेशंटचा. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा स्ट्रोक यातलं काहीतरी झालेले स्टेंटवाले 26.6 टक्के आणि बायपासवाले 18.7. पण नुसता स्ट्रोक बघितला तर तो बायपासवाल्यांत जास्त होता, 5.2 विरुद्ध 2.4. शिवाय ते पेशंट सरासरी 63 वर्षांचे होते, अण्णा 74 चे, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मग वय, किडनी, पंपिंग असं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून म्हणाले, धोका शंभरात दोन-तीन. अण्णा इतका वेळ गप्प होते, त्यांनी एवढंच विचारलं, "मला गच्चीवर जाता येईल का?"

पण लगेच ऑपरेशन नाही केलं. शुगरची रक्ततपासणी एचबीएवनसी 9.4 आणि किडनीची तपासणी क्रिएटिनिन 1.5, दोन्ही जास्त. सर्जन म्हणाले, वयाचं आपण काही करू शकत नाही, शुगरचं करू शकतो, तब्येत स्थिर आहे तर तीन आठवडे घ्या. एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी असल्यामुळे तेवढ्यात फार हलत नाही, त्यांना रोजचे आकडे बघायचे होते. शुगर चढी राहिली की छातीच्या हाडाला इन्फेक्शन व्हायची भीती, आणि ते झालं तर परत उघडून साफ करावं लागतं. इन्सुलिन चालू झालं. 22 वर्षं गोळ्यांवर काढलेल्या माणसाला सुई म्हणजे शेवट वाटतो, पहिल्या दिवशी पेन हातात धरून ते कितीतरी वेळ नुसते बसून होते, मग आईने पोटाची चिमट धरली आणि मी टोचलं. वहीत रोज चार आकडे. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन किडका दात काढला, मानेच्या नसांची सोनोग्राफी केली. एक गोष्ट मुद्दाम लिहिते, अण्णांना डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी चालू होती, ती तीन दिवस आधी बंद करायला सांगितलं कारण त्या गोळीने शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात ॲसिड वाढू शकतं. तुमच्याकडे ऑपरेशन असेल तर गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून भूलतज्ज्ञांना दाखवाच.

ऑपरेशनला साडेचार तास लागले. छातीच्या आतली एक धमनी आणि पायातून काढलेली शीर वापरून तीन ग्राफ्ट, म्हणजे ब्लॉकच्या पलीकडे जोडलेल्या नसा. आयसीयूत इन्सुलिन थेंब थेंब चालू, दर तासाला शुगर, 180 च्या वर जाऊ द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी ठोके एकदम अनियमित, 140. आमचे पाय गळाले, पण औषधाने दुसऱ्या दिवशी ताळ्यावर आले, म्हातारपणी बायपासनंतर हे बऱ्याच जणांना होतं म्हणे. त्यापेक्षा रात्रीचं भ्रमिष्टासारखं बोलणं जास्त लागलं. अण्णा एसटीत कंडक्टर होते. मध्यरात्री माझा हात धरून म्हणाले, "बाई, कराडची गाडी लागली, माझी तिकिटाची पेटी कुठाय?" मला ओळखलंच नाही. सिस्टरनी चष्मा लावायला सांगितला, कानातलं मशीन घातलं, सकाळी खिडकीजवळ बसवलं, दोन दिवसांत माणूस परत आला. चष्मा आणि मशीन बॅगेत ठेवून आम्ही चूक केली होती.

घरी आल्यावर आम्ही सैल पडलो. भेटायला येणारे मोसंबीचा ज्यूस, शहाळी घेऊन यायचे आणि नाही म्हणवत नव्हतं. बाराव्या दिवशी पायजम्यावर पिवळट डाग दिसला. छातीचे टाके छान कोरडे, पण पिंडरीवरची जखम, जिथून शीर काढली होती, ती खालच्या टोकाला उघडली होती. त्या सकाळची उपाशीपोटीची शुगर 228. मग पाच आठवडे ड्रेसिंग, अँटिबायोटिक, इन्सुलिन वाढवलं, पाय उशीवर. सगळं लक्ष छातीकडे होतं, पायाकडे कोणी बघतच नव्हतं. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची, तीन चेंडूंच्या मशीनने श्वास ओढायचा, दोन महिने वजन उचलायचं नाही हे मात्र अण्णांनी शिस्तीत पाळलं.

आता सात महिने झाले. एचबीएवनसी 7.2, क्रिएटिनिन 1.4. पिंडरीवर जखमेची काळसर रेघ राहिलीये, पाऊल संध्याकाळी थोडं सुजतं. रात्री झोपायच्या आधी आई बॅटरी घेऊन दोन्ही तळपाय बघते, बोटांच्या मधेसुद्धा, आणि अण्णा वहीत आकडा लिहितात. गच्चीवर जातात, मधे एकदा थांबून.